लाल खुणेची खुर्ची

वहिनींनी खुर्चीवर बादलीभर पाणी ओतलं. मग दुसरी बादली. पांढरी प्लास्टिकची खुर्ची, लग्नाच्या लॉन्सवर शेकड्यांनी असतात तसली. मी शेजारीच उभी होते. पाणी माझ्या पायांवरून मोरीकडं गेलं. मला बाजूला हो असंही कुणी म्हणालं नाही.

साखरपुडा होता. माणसं जेवून हात धुवायला येत होती आणि बघत होती.

त्या खुर्चीवर मी बसले होते. चहा पिऊन व्हावा एवढाच वेळ. उठले तर खाली ओला डाग. त्यात थोडं लाल.

"विटाळाची कामावर आलीस?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई वहिनी. पाळी कवाच गेली. अंग बाहीर येतंय माजं. तितं जखम हाय."

"काय का आसंना."

नवरीला सजवायला आलेल्या पोरीकडून त्यांनी नेलपॉलिश मागून घेतलं. लाल. खुर्चीच्या मागच्या पायावर जाड रेघ ओढली. फुंकर घातली. मांडवाच्या माणसाला म्हणाल्या, "ही हिची. पावण्यांत जाऊ दिऊ नगंस." आवाजात राग नव्हता. भांड्यावर नाव घालून घेतात तसं त्यांनी ते केलं आणि आत गेल्या.

मी उरलेली पातेली घासली.

वहिनी म्हणजे लॉन्सच्या मालकीणबाई. त्यांची जमीन पौडच्या रस्त्याला लागून. थोडी विकली, थोडीवर लॉन्स केलं, त्या पैशात हिंजवडीजवळच्या जांबे गावात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. आमची आळी बुद्धविहाराच्या मागं. लॉन्स झालं तेव्हापासून तिथली भांडी माझ्याकडं. मागच्या अंगणात, उघड्यावर. आत स्वयंपाकघरात मी कधी गेले नव्हते. जा असं कुणी म्हणालं नाही, जाऊ नको असंही म्हणालं नाही. तसं सांगावं लागत नाही.

अंग बाहेर येणं म्हणजे काय, ते सरळच सांगते. गर्भाची पिशवी जागा सोडून खाली येते. लघवीची पिशवीही तिच्याबरोबर ओढली जाते. सकाळी बरं असतं. संध्याकाळपर्यंत मुठीएवढा गोळा मांड्यांत येतो. चालताना कपड्याला घासून त्याला जखम होते. बोटांनी आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही, आणि नको तेव्हा मात्र होते. मी जुन्या साडीची घडी घट्ट बांधून कामाला जायचे. आळीत मी एकटी नव्हते. पण बोलत कुणी नव्हतं.

खुर्चीची बातमी आळीत माझ्या आधी पोचली. माझी थोरली लेक सुवर्णा हिंजवडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये बिलिंगला आहे, जांब्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. ती रविवारी आली आणि मला पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मी वाद घातला नाही. वाद घालायला काहीतरी वाटावं लागतं.

डॉक्टर बाई होत्या. टेबलावर झोपवलं. म्हणाल्या, "खोका." खोकले. "अजून जोरात." खोकले. त्यांनी बघितलं.

"किती वर्षं झाली, ताई?"

"धाकट्याच्या येळंपास्नं."

"तो केवढा आहे?"

"बारावीला हाय."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काम काय करता?"

"भांडी घासते. लग्नाची."

"उचलता किती?"

"भाताचं पातेलं. दोन मानसांनी उचलायचं वजन."

"आणि उचलतं कोण?"

"मी."

लगेच ऑपरेशन होणार नाही म्हणाल्या. आधी जखम भरली पाहिजे. मऊ रबराची रिंग आत बसवून दिली, म्हणजे पिशवी वर राहील. मलम दिलं. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या. पोट साफ राहायला इसबगोल, कारण जोर लावायचा नाही. आणि खोकला बंद झाला पाहिजे, म्हणून मिश्री बंद. खोकला आला की टाके ताणतात.

मिश्री सोडताना जेवढा जीव गेला, तेवढा पुढं ऑपरेशनलाही गेला नाही.

त्या सगळ्या दिवसांत मी कामाला जात होते. पातेलं उचलायचं नाही म्हटल्यावर वहिनींनी बिगारी पोरगा लावला. तसं करायला त्या कचरल्या नाहीत, हे खरं ते सांगते. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर माझी खुर्ची मोरीपाशीच ठेवली. मी तिच्यावर बसून नळाखाली ताटं विसळायचे. काम झालं की ती खुर्ची भिंतीला लावून ठेवायची, तोंड भिंतीकडं. बाकीच्या खुर्च्या एकात एक रचून आत जायच्या. ही बाहेर. मी मनाशी म्हणायचे, डाग पडतो म्हणून. मला ते पटलंही होतं.

ऑपरेशनच्या दिवशी बांगड्या उतरवल्या. पाठीत सुई दिली. थोड्या वेळात कमरेखालचं सगळं गेलं. पाय दिसत होते, पण ते कुणाचे कळेना. हिरव्या कापडापलीकडं माणसं हळू बोलत होती. मी दिव्याकडं बघत पडले. आयाबाईंनी विचारलं, "घाबरलात का?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. हे बधिरपण माझ्या ओळखीचं होतं. वहिनींच्या अंगणात पाय भिजत होते तेव्हाही असंच होतं. फक्त तेव्हा सुई टोचली नव्हती.

पिशवी काढली. पुढची आणि मागची सैल पडलेली बाजू शिवून घेतली. आत पट्टी भरली होती, ती दुसऱ्या दिवशी ओढून काढली. साडीच्या काठासारखी लांब, संपेचना. लघवीची नळी काढली तर लघवी होईना. सिस्टर शेजारचा नळ बारीक सोडून ठेवायची आणि म्हणायची, "ऐका नुसतं. येईल." तिचं खरं झालं. बोट न लावता. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "मी जागेवर बसवून दिलंय. तिथं राखणं तुमच्या हातात. तीन महिने पाण्याचा तांब्या चालेल, कळशी नाही. उकिडवं बसणं नाही. आणि ती भाताची पातेली जन्मात नाही. उचललीत तर परत बाहेर येईल."

घरी आले. नवरा लवासाला एका अर्धवट इमारतीवर वॉचमन आहे. जिथं माणूस राहत नाही ती घरं राखतो. सुट्टी टाकून आला होता. भात आणि पिठलं त्याला येतं, तेच रोज केलं. धाकटा पाणी भरायचा. सासू खाटेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. मी पडून असायचे. टाक्यांचे दोरे विरघळून पडायचे, ते बघून ठेवायचे. रडू येत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. छपराचे पत्रे मोजून झाले होते.

एका दुपारी दारात टेम्पो थांबला. लॉन्सचा ड्रायव्हर खुर्ची घेऊन उतरला. "वहिनींनी पाठिवलीया. म्हनल्या, तिला खाली बसता येत न्हाई. तिचीच खुर्ची हाय, हितं काय कामाची."

नवऱ्याला आनंद झाला. "लई ब्येस. हिलाच मधी भोक पाडू. संडासात ठिवू. उकिडवं बसायला नगं."

त्यानं सळई तापवायला घेतलीसुद्धा.

"न्हाई," मी म्हणाले.

"का?"

"न्हाई म्हनलं ना."

"आगं, फुकाट आलीय."

का नको ते मलाही सांगता आलं नसतं. त्यानं कपाळाला हात लावला आणि सळई विझवली. पुढच्या रविवारी सुवर्णानं बावधनच्या दुकानातून कमोडचं स्टूल आणलं.

सासूला धड दिसत नाही. तिनं खुर्ची चाचपली, मागचा पाय डोळ्यांजवळ आणला. "ह्ये तांबडं काय?"

"खून हाय आत्याबाई. माजी खुर्ची वळखायला."

सासूनं खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाली, "माजा कप व्हता त्यांच्या गोठ्यात. कान तुटल्याला. त्याला खुनंची गरज न्हवती."

"ते येगळं. त्या टायमाचं. ह्ये डागासाठी हाय."

"आसंल बया," सासू म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तीन महिने होत आले तेव्हा वहिनी स्वतः आल्या. हातात दोन शहाळी. उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. म्हणाल्या, "न्हाई, गाडी हुबी हाय." चहा टाकते म्हटलं. "आत्ताच घिऊन निगाले." मग इकडंतिकडं बघून मुद्द्यावर आल्या.

"आता कसं काय?"

"बरं हाय."

"पिशवी काडली म्हनं."

"व्हय."

"लई झाक झालं बग. विटाळाची कटकट गेली. आता तू आत येत जा. सैपाकघरात. लसून सोलायचा, भाज्या निवडायच्या. बसून काम. तुला वजन नगं, आमाला मानूस पायजे. आजकाल कोन बगतंय एवढं?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते बरं वाटलं. आत. बसून. उघड्यावर नाही. घरात तसंही नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं.

"येते," मी म्हणाले.

वहिनी वळल्या. दोन पावलं गेल्या आणि मागं बघून म्हणाल्या, "येताना तुजी खुर्ची घिऊन ये."

"खुर्ची कशाला? आता डाग पडत न्हाई वहिनी."

त्या हसल्या. प्रेमानं हसल्या, तेही सांगते. "आगं, डागाचं न्हाई. ज्याची त्याची आपली बरी."

गाडी गेली. मी दारात उभी राहिले. सासू खाटेवर जागीच होती.

डागाचं नव्हतंच. मी मिश्री सोडली, रिंग घालून फिरले, अंगातलं एक अंग काढून ताटलीत दिलं, आणि खुर्ची तिथंच. डॉक्टरांना जे शिवता येत होतं ते त्यांनी शिवलं. हे माझ्या अंगात नव्हतंच, तर ते काढणार कुठून? पायांतून एकदम मुंग्या आल्या. सुईचा असर उतरताना येतात तशा. दुखतात त्या.

रविवारी सुवर्णा आली. तिला सांगितलं. ती लालबुंद झाली. "आई, फेकून दे ती. जाळ."

"जाळली तर त्यांची एक खुर्ची कमी हुईल. बास. तुज्याकडं नेलपॉलिश पुसायचं आसतं ना?"

तिनं पर्समधून बाटली काढली. कापूस मी माझ्या हॉस्पिटलच्या पिशवीतून घेतला. खुर्ची आडवी केली आणि पुसलं. रेघ आधी पसरली, गुलाबी झाली, मग गेली. सासू म्हणाली, "बगू." तिनं बोट फिरवलं. "काय लागत न्हाई," म्हणाली.

कामावर जायचा दिवस ठरला होता तो लग्नाचा. आम्ही दोघी चालत गेलो. खुर्ची सुवर्णाच्या डोक्यावर, मी मोकळ्या हातांनी. लॉन्सवर खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. वऱ्हाड अजून यायचं होतं.

"कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

"मधी."

तिनं मधल्या रांगेत जागा करून ठेवली. शेजारच्या खुर्चीशी नीट जुळवून. मी बघत होते, तरी दोन मिनिटांत मलाच कळेना कुठली.

वहिनी भेटल्या तेव्हा माणसं बसायला लागली होती. भरजरी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट. "आलीस? झाक झालं. लसून पडलाय सोलायचा. खुर्ची कुटाय?"

"ती काय." मी लॉन्सकडं हात केला.

"कुटं?"

"तितंच. सगळ्यांत."

त्यांना समजायला वेळ लागला. मग ताट कुणाच्या तरी हातात देऊन त्या रांगांत शिरल्या. वाकून एका खुर्चीचा मागचा पाय बघितला. मग दुसरीचा. एक फेटेवाले पाहुणे चटकन उठून उभे राहिले. "काय हारावलं का वहिनी? सोन्याचं हाय का?"

"न्हाई न्हाई. बसा तुमी."

ते बसले. आरामात, पायावर पाय टाकून.

वहिनी माझ्यापाशी आल्या. दात आवळून म्हणाल्या, "कंची हाय सांग. व्याही बसतील आता. चेष्टा करू नगंस."

"मलाबी वळखंना वहिनी. खून पुसली."

"तुज्या दुखन्यात आमी एवढं केलं. त्याचं ह्ये?"

"केलंत. खुर्ची दिलीत. ती परत आनली."

"उद्यापास्नं येऊ नगंस."

"आजबी कामाला आले न्हाई. ती पोचवायला आले व्हते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली बघितलं नाही. पलीकडं सनई लागली तशी त्यांना जावं लागलं. जाताना मधल्या रांगेकडं त्यांनी दोनदा वळून बघितलं. आता प्रत्येक लग्नात त्या बघतील. बघू देत.

दुसरं काम अजून मिळालेलं नाही. सुवर्णा म्हणते, जांब्यातल्या पोरांना चपात्या लागतात, ओट्याशी उभं राहून करता येतील. करीन. मिळेल ते करीन. पण दोन गोष्टी ठरल्या. भाताचं पातेलं उचलणार नाही, आणि ज्या दारात माझी म्हणून वेगळी खुर्ची असेल त्या दारात बसणार नाही. सगळ्यांची असेल तर बसेन. नसेल तर उभी राहीन.

उभं राहता येतं मला आता.