खालून वर लिहिलेली पानं

आमच्या मोजणी कचेरीत मी एकोणतीस वर्षं काढली. आधी पगारबिलं केली, मग बढत्यांचं टेबल आलं. कोण कोणत्या पायरीवर आहे, कोणाची वार्षिक वाढ कधी लागते, कोणाची सेवा किती झाली, हे सगळं माझ्या कपाटात असतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. जमीन मोजणाऱ्यांत आयुष्य गेलं, पण स्वतः वीतभर जमीनही मोजली नाही. पुढच्या वर्षी हे टेबल सुटेल. त्याआधी काही जणांचे आभार लिहून ठेवायचे आहेत, त्यांत पहिल्या खुंटीताई.

सेवापुस्तकात त्यांचं नाव वेगळं आहे. पण त्या नावाने कचेरीत हाक मारली तर त्या स्वतःही वळून पाहणार नाहीत. विसाव्या वर्षी त्या रोजंदारीवर लागल्या. काम होतं पाठीवर पोतं घेऊन मोजणीदारांच्या मागे चालायचं आणि ते दाखवतील तिथे लाकडी खुंटी ठोकायची. ठोकलेली खुंटी त्या हलवून पाहत आणि पुन्हा दोन घाव घालत. "हलवून खुंटा बळकट! या बाई म्हणीतूनच आल्यात," असं कोणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून त्या खुंटीताई झाल्या.

आमच्याकडच्या पायऱ्या आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सगळ्यांत खाली खुंट्या वाहणारे. त्यांच्यावर मोजणीची साखळी धरणारे साखळीवाले; साखळी जाऊन पोलादी फीत आली, तरी पदाचं नाव तेच राहिलं. मग मोजणी सहायक. सहायक स्वतः मोजणी करतो, पण ती वरिष्ठाने तपासायची आणि नकाशावर नाव वरिष्ठाचंच जायचं. त्यानंतर मोजणीदार. इथे पगार सहायकाच्या जवळजवळ दीडपट होतो आणि नकाशावर स्वतःची सही येते. त्याच्याही वर वरिष्ठ मोजणीदार आणि टोकाला मुख्य मोजणी अधिकारी. वाचायला सोपं वाटतं. पण सहायक ते मोजणीदार या एका पायरीवर आमचे निम्मे लोक जन्मभर अडकतात.

खुंटीताई सात वर्षं फितीचं टोक धरून चालल्या. सहायकाच्या परीक्षेत गणितात एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. घरी नवरा शिंपी. "आमच्या घरात दोन फिती आहेत, पण माप कोणाचं खरं ते सासूबाई ठरवतात," असं त्या सांगत. सासूबाईंची जीभ धारदार. "जमीन काय पळून जातेय का गं, रोज मोजायला?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण परीक्षेच्या महिन्यात पहाटे चहाचा कप पुस्तकाशेजारी ठेवून स्वयंपाकघराचं दार ओढून घेणाऱ्याही त्याच.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. खुंटीताई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. सहायकाच्या वेतनश्रेणीच्या शेवटच्या टोकाला पोचून त्यांना तीन वर्षं झाली होती. वार्षिक वाढ थांबली होती. याला आमच्या कागदी भाषेत कर्मचारी कुंठित झाला असं म्हणतात. मोजणीदारांची यादी दोन वर्षांतून एकदा निघते आणि पंचेचाळिशीनंतर त्या यादीत नाव घेता येत नाही. म्हणजे ती यादी त्यांची शेवटची. एक अट होती: स्वतः केलेल्या मोजणीची किमान तीनशे पानं हवीत. ती पानं फील्डबुकात असतात. फील्डबुक म्हणजे मोजणीच्या जागेवर नेतात ती लांबट वही. ती तपासून शेरा लिहायचं काम माझं.

मी तपासली. बारा वह्या होत्या, सगळ्या. प्रत्येक पानावर दोन सह्या. वरच्या टोकाला वरिष्ठांची, तळाशी खुंटीताईंची. आमच्या व्हाउचरवर ज्याने काम केलं तो आधी सही करतो, बाकीचे त्याच्या खाली. मी त्याच हिशोबाने वाचलं: मोजणी वरिष्ठांनी केली, बाई सोबत होत्या. बाकीच्यांच्या वह्यांसोबत वरिष्ठांचा दाखला असे, यांच्या वह्यांसोबत नव्हता. विचारावं तर ते वरिष्ठ वर्षभरापूर्वीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. पत्र पाठवता आलं असतं, मी पाठवलं नाही. खुंटीताईंच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, "स्वतंत्र मोजणी : निरंक". कच्ची यादी फलकावर लागली.

सोमवारी सकाळी त्या टेबलापाशी आल्या. बूट चिखलाचे होते म्हणून दाराबाहेर काढून आल्या होत्या.

"भाऊसाहेब, निरंक म्हणजे काहीच नाही ना?"

"हो ताई. नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात माझ्या वह्या आहेत की."

मी एक वही काढून उघडली. "हे पाहा. पहिली सही साहेबांची. तुमची शेवटी."

त्यांनी आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि चक्क हसल्या.

"तुम्ही हे वरून वाचलंत?"

"मग कुठून वाचायचं?"

"चला माझ्याबरोबर. बसून नाही कळायचं हे."

त्यांनी मला बाहेरच्या लांब बोळात नेलं, हातात कोरी वही आणि पेन्सिल दिली आणि फितीचं टोक दाराशी दाबून धरायला शिपायाला सांगितलं. "हे दार आपली सुरुवात. पानाच्या तळाशी शून्य लिहा. आता चला पुढे." मी चाललो. "डाव्या हाताला काय आलं?"

"पाण्याचं पिंप."

"किती मीटरवर?"

मी फीत पाहिली. "साडेचार."

"शून्याच्या वर साडेचार. आणि पिंप डावीकडे आहे ना, मग पानावरही डावीकडेच काढा. चला."

उजवीकडे जुन्या नकाशांचं कपाट आलं, मग डावीकडे जिना, मग शेवटची खिडकी. प्रत्येक आकडा आधीच्याच्या वर चढत गेला. खिडकीशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता मागे जा, दारात उभे राहा, वही समोर धरा."

मी दारात उभा राहिलो. पान आणि बोळ एकसारखे दिसत होते. पायाशी दार, डावीकडे पिंप, लांब तिकडे खिडकी. वीस वर्षं मी त्या बोळातून येत-जात होतो.

"पाऊल पुढे, पान वर," खुंटीताई म्हणाल्या. "सगळ्या जगात मोजणीदार असंच लिहितो. जो मोजायला सुरुवात करतो तो खाली सही करतो. तपासणारा शेवटी येतो, म्हणून वर."

शिपाई फितीचं टोक धरून हसत होता. "भाऊसाहेब, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं तुम्हाला हे ठाऊक आहे."

मी टेबलावर परत आलो आणि बाराही वह्या तळापासून वाचल्या. खुंटीताईंची चारशे अठरा पानं भरली. माझ्या निरंकाची किंमत चारशे अठरा पानं.

यादीवर शेवटचं शिक्कामोर्तब करणारी बैठक गुरुवारी होती. त्याच बैठकीत माझंही प्रकरण होतं. मुख्य लेखापालाची जागा सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि या वेळी ती मिळणार असं सगळेच म्हणत होते. हे खुंटीताईंना माहीत होतं. संध्याकाळी घरी जाताना त्या माझ्या दारात थांबल्या.

"गुरुवारी तुमचंही नाव आहे ना?"

"आहे."

"मग सांभाळून लिहा. काही वह्या उशिरा सापडल्या म्हणा. मला माझी पानं मोजून हवीत, भाऊसाहेब; तुमची मान नको."

हे वाक्य मी त्या दिवशी घरी जेवताना बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल, त्या स्वतःच सांगताहेत तर तसं लिहा. तिने भात वाढता वाढता विचारलं, "वह्या सापडल्या नव्हत्या का?"

"सगळ्या टेबलावरच होत्या."

"मग सापडल्या कुठून लिहिणार तुम्ही?"

एवढंच. पुढे ती भाजीवर बोलायला लागली.

मी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची टिप्पणी लिहिली. फील्डबुक वाचण्याची पद्धत मला माहीत नव्हती, त्यामुळे माझ्याकडून चुकीचा शेरा गेला, पानं चारशे अठरा आहेत, असं चार ओळींत. बैठकीत ती वाचली गेली. अध्यक्ष प्रशासनाकडून आलेले, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी वही मागवली आणि माझ्यासारखीच वरून वाचली.

"पहिली सही तर वरिष्ठांची आहे. तुमचा आधीचाच शेरा बरोबर दिसतो."

मुख्य मोजणी अधिकारी सांगायला पुढे झाले. पण मी आधीच उठलो होतो. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. म्हणालो, "साहेब, जरा दाराशी येता का? बसून नाही कळायचं हे."

अध्यक्ष उठले. मी त्यांना दाराशी उभं केलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर तळाशी शून्य लिहायला लावून खिडकीपर्यंत चालवलं. डावीकडे पंख्याची बटणं, उजवीकडे टेबलाचा कोपरा, फाईलींचं कपाट. ते खिडकीशी पोचले, पान समोर धरलं.

"अरे वा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"वीस, साहेब."

"आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही साहेब. सोमवारी शिकलो."

मुख्य मोजणी अधिकाऱ्यांनी तोंडाला चहाचा कप लावला होता, पण खांदे हलत होते. खुंटीताईंचं नाव यादीत आलं. माझं प्रकरण पुढच्या बैठकीवर ढकललं गेलं, म्हणजे दोन वर्षं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. दोन वर्षांनी ती जागा मिळालीही, बढत्यांचं टेबल माझ्याकडेच ठेवून. पण त्या आठवड्यानंतर आधी मी दुसरंच एक काम केलं. मी केलेल्या मागच्या दोन याद्या बाहेर काढल्या आणि त्यांतल्या वह्या तळापासून वाचल्या. आणखी दोघांच्या नावापुढे माझंच निरंक होतं. एकाला पुढच्या यादीत घेता आलं. दुसरे निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी जाऊन मी चूक सांगितली. त्यांनी पाणी दिलं. ते दोघेही मला विचारायला कधी आले नव्हते. कचेरीने लिहिलंय म्हणजे असेल, असं त्यांना वाटलं. खुंटीताई आल्या आणि त्यांनी विचारलं. त्यांनी विचारलं नसतं तर मी अजून वरूनच वाचत असतो, आणि माझ्या सुवाच्य अक्षराचा मला अभिमानही असता.

यादीनंतर तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या सहीचा पहिला नकाशा केला. एका शाळेच्या मैदानाचा होता, फार मोठा नव्हे. "भाऊसाहेब, प्रत घरी दाखवायला नेतेय, तुम्हीही चला," म्हणाल्या. घर म्हणजे पुढे शिलाई मशीनची खोली, मागे दोन खोल्या. नवऱ्याने कापडं बाजूला सारून कापायचं टेबल मोकळं केलं आणि नकाशा त्यावर पसरला. सासूबाई आतून भिंतीला धरत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं आणि दिसायलाही कमी झालं होतं.

"कुठंय हिचं नाव?" त्यांनी मला विचारलं.

नकाशावरची सही उजव्या कोपऱ्यात, खाली असते. मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. त्यांनी ते बोट डावीकडून उजवीकडे हळूच फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"एवढंच?"

"तेवढीच जागा असते हो, सासूबाई," खुंटीताई म्हणाल्या.

"चोवीस वर्षं चालली ना ही? आणि नाव बोटभर?" मग माझ्याकडे तोंड करून, "पगार किती वाढला?"

मी सांगितला. आस्थापनेचा माणूस, आकडा तोंडपाठ होता. त्यांनी तो मनाशी एकदा म्हणून पाहिला. बोट अजून सहीवरच होतं.

"मग सांगा तिला," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा मोठी सही कर म्हणावं. आता परवडतं."