बॅटरीच्या पाण्यातला हत्ती

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, माझा राग मात्र गेलेला नाही. तो एका तांब्याच्या नाण्यावरून आहे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, नव्वदीच्या सुरुवातीला, आम्ही सगळे गोकर्णाला गेलो होतो. तिथे वाळूत ते माझ्या पायाला टोचलं. हिरवं, ओबडधोबड, कसलं ते कळूही नये असं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "टाक ते! इथं अस्थी सोडतात. कुणा मेलेल्याचं असेल." मी ते मुद्दाम रुमालात बांधलं. कानडी मुलखातल्या शहरात, बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरात चमचासुद्धा माझ्या मर्जीने जागा बदलत नव्हता. एखादी वस्तू फक्त माझी असावी, एवढंच मला हवं होतं.

जयनगरात जुनी नाणी विकणारा एक दुकानदार होता. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. एका बाजूला हत्तीची सोंड होती, म्हणजे नाणं जुन्या म्हैसूर राज्यातलं. दुसऱ्या बाजूला हिरव्या पुटाखाली फार्सी अक्षरं, टाकसाळीचं नाव त्यातच. "घासायचं नाही अक्का. चिंच नको, लिंबू नको, ब्रशपण नको. बॅटरीत घालतात ते पाणी आणा, रोज बदला. स्वल्प दम धरा. तीन आठवड्यांनी वाचून सांगतो."

मी जॅमच्या बाटलीत नाणं बुडवून ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. "मेलेल्याचं पाणी अन्नाजवळ नको," म्हणत सासूबाईंनी बाटली न्हाणीघरात नेली. मी परत आणली. त्यांनी गच्चीवर ठेवली. मी पुन्हा खाली आणली. नवरा दोघींच्या मधे पेपर उघडून बसलेला. पंधरा दिवस हेच चाललं, आणि पंधराव्या दिवशी पाण्यात अख्खा हत्ती दिसायला लागला. मला राहवलं नाही. जेवताना सगळ्यांसमोर सांगून बसले. चूक माझीच.

त्या आठवड्यात वरमहालक्ष्मी होती. आमच्या माहेरी पुण्याला हा सण कुणाला माहीतही नव्हता, पण इथे राहून राहून सासूबाईंनी तो कानडी शेजारणींकडून उचलला होता. आदल्या दिवशी घरातलं सगळं तांबं-पितळ घासायचं. मी भाजी घेऊन आले तर बाटली मोरीत पालथी. देवघरात कलशापुढे माझं नाणं लखलखत होतं, वर हळदकुंकू.

"अय्यो, गजलक्ष्मी आहे गं ती! आपणहून आपल्या घरी आली. चिंच आणि विटेची पूड लावून अर्धा तास घासली बघ."

माझं डोकं फिरलं. "कालपर्यंत मेलेल्याचं होतं ना? ती लक्ष्मी नाहीये, आई! मागे फार्सी अक्षरं आहेत. त्या दुकानदाराने स्वतः पाहिलीत."

त्यांना हे झोंबावं म्हणूनच मी बोलले. त्यांनी शांतपणे नाणं उलटं केलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. मागची बाजू तळहातासारखी गुळगुळीत होती.

"कुठायत अक्षरं? दाखव."

मी तेच नाणं घेऊन जयनगरात गेले. दुकानदाराने ते भिंगाखाली धरलं आणि "आता वाचण्यासारखं काही उरलं नाही अक्का," म्हणून परत दिलं. सासूबाई मात्र दर शुक्रवारी ते घासत राहिल्या. काही वर्षांनी हत्ती आहे हेही सांगावं लागायचं, आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायच्या. माझं नाव त्यात कधीच आलं नाही.

त्यांच्या तेराव्याला नणंद देवघरापुढे उभी राहून म्हणाली, "आईची गजलक्ष्मी मी नेते."

"ते माझं आहे," मी म्हणाले. "मला सापडलेलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेराव्याच्या दिवशी तांब्याच्या तुकड्यासाठी भांडणारी सून! नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे गं."

नणंदेने नाणं कापसात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. दारात चप्पल घालता घालता ती मला धीर द्यावा तशी म्हणाली, "काळजी करू नकोस वहिनी. दर शुक्रवारी चिंचेनं घासेन, आईसारखीच."