फोटोसाठी घेतलेला शिकारी कुत्रा

मंडळी, आज सकाळी मुलुंडला आमच्या सोसायटीत शेजारच्या निखिलचा कारवान कुत्रा मांजरामागे असा झेपावला, की पट्टा धरलेला निखिल तोंडावर आपटला.

"काका, हा वेडा झालाय. गावी मामाकडे सोडून येतो," तो उठत म्हणाला.

"वेडा नाही रे, शिकारी आहे. सशामागे धावणारी जात ही. तू याला पळवतोस कुठे?"

"पार्किंगमध्ये दोन राउंड मारतो ना!"

"मग घेतलास कशाला?"

"फोटोत झकास दिसतो, काका!"

कुत्रा तेव्हा त्याचं खरचटलेलं कोपर चाटत होता.

सोफ्याचं कव्हर निवडावं तसा यांनी जिवंत प्राणी निवडला, आता पसंत नाही म्हणून बदलणार. उद्या तो मामाच्या दारात निखिलची वाट बघत बसेल, तेव्हा त्याला काय सांगायचं?