शेजारच्या सीटवरचा गूळ

काही घरांत लोणच्याच्या बरण्या साठतात, माझ्याकडे धक्के साठलेत! मंगळवारच्या आरतीनंतर मैत्रिणी विचारतात, "आज विमानाचं काय नवीन?" प्रसाद वाटता वाटता एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा आठवतो. नवऱ्यानेच विमान बांधायला घेतलं की दुसरं काय होणार! जे आठवून अजून छातीत धस्स होतं, तेवढेच सांगते.

* * *

हे रिटायर झाले आणि एक दिवस म्हणाले, "थोडं सामान येणार आहे." मला वाटलं, किचनची ट्रॉली. पनवेलच्या आमच्या गल्लीत अख्खा ट्रेलर शिरला! त्यावर लांबच लांब लाकडी खोकी. मी नैवेद्याची वाटी हातात घेऊनच खाली धावले.

"अहो, काय आहे हे?"

"विमान."

"नातवाला?"

"अगं, खरं! सुटं येतं, आपण जोडायचं. दोन सीटचं."

"दुसरी सीट कुणाला?"

हे नुसते हसले. मी मटकन पायरीवर बसले! यांनी तरुणपणी विमान चालवायचं लायसन काढलं होतं आणि आता ते पुन्हा चालू करून घेतलंय, हेही मला तेव्हाच कळलं.

"माझे दोन्ही पाय जमिनीवरच बरे," मी तिथेच सांगून टाकलं. आणि संध्याकाळी गावदेवीला नवस बोलले. हे विमानातून सुखरूप खाली आले की यांची गुळाने तुला करीन. तोवर मला गोड वर्ज्य.

यांचा देवाशी संबंध प्रसादापुरता. म्हणाले, "चालेल. थोडं तुझी देवी धरून ठेवेल, थोडं माझे रिव्हेट!"

* * *

खोकी ठेवायला यांच्या ओळखीचे गव्हाणचे जनुदादा पाटील धावून आले. त्यांची शेड रिकामीच होती. मी हात जोडून म्हटलं, "दादा, तुम्ही तरी यांना समजवा!"

"वयनी, आमची जमीन विमानतळात गेली. आता विमानच आमच्या दारात आलंय, त्याला नाय कसा म्हनू?"

या उद्योगातले तिसरे इक्बालभाई. आखातात वर्षानुवर्षं विमानं दुरुस्त करून परत आलेले. त्यांना म्हटलं, "भाई, हे पडणार तर नाही ना?"

"भाभी, इन्शाल्ला नाही. पण साहेबांनी काल स्क्रू उलटा लावला होता!"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!

* * *

शेपटीचा भाग मात्र यांनी घरीच जोडला, आमच्या डायनिंग टेबलावर. त्यात माझं संक्रांतीचं हळदीकुंकू. मी त्यावर पैठणी अंथरली आणि वाणाची ताटं मांडली. करणार काय?

समोरच्या कुलकर्णीवहिनींनी कोपरा उचलून पाहिला. "टेबल नवीन वाटतं. स्टीलचं?"

"नाही हो, विमानाचं शेपूट."

वहिनी तीळगूळ चघळत शांतपणे म्हणाल्या, "असू दे. पुसायला सोपं पडतं."

एवढ्यात हे आतून ओरडत आले. पत्रे जोडून धरायच्या यांच्या स्प्रिंगच्या पिना सापडत नव्हत्या. सगळ्या बायका गॅलरीकडे बघू लागल्या. दोरीवर माझी धुतलेली सोवळ्याची साडी, आणि तिला त्या पिना! पकड काय छान होती म्हणून सांगू!

* * *

विमान निम्मं झालं आणि यांनी नवीन बॉम्ब टाकला. त्याच कंपनीचा पुढचा प्रकार निघाला होता. सांगाडा तोच, नाक लांब, इंजिन मोठं, वेग कितीतरी जास्त. "आपण तेच करू या!"

"अहो, साधं अजून उडालं नाही, आणि त्याची तापट बहीण कशाला?"

इक्बालभाईंनी इंजिनाचे फायदे सांगितले, मी कान झाकले. जनुदादांनी 'नको' म्हणून हात हलवला. मग हे हळूच म्हणाले, "सकाळी निघालो, तर अंबाबाईचं दर्शन घेऊन जेवायला घरी."

माझे कानांवरचे हात खाली आले.

शेवटी विचारलं, "देवळाच्या किती जवळ उतरतं?"

* * *

मोठं इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी मी लिंबू-मिरची घेऊन गेले आणि थेट पुढच्या पंख्याला बांधायला लागले. इक्बालभाईंचा चेहरा पांढराफटक! "भाभी, तिथे दोरासुद्धा नको!" मग त्यांनी स्वतःच ती शेडच्या दाराला बांधली आणि बिस्मिल्ला म्हणाले. जनुदादांनी नारळ फोडला.

पंखा फिरला आणि शेडमध्ये वादळ! ताडपत्री गेली, कॅलेंडर गेलं, माझा पदर डोक्यावरून मागे. जनुदादांची एक कोंबडी मागच्या बाजूला दाणे टिपत होती, ती कौलांवरून पलीकडच्या आवारात!

जनुदादा तिच्याकडे बघत म्हणाले, "साहेब, पयलं उड्डान झालं!"

* * *

मग वजनांचं प्रकरण. विमानात कोण किती किलोचं, हे आधी ठरवावं लागतं. भर चहाच्या वेळी, जनुदादा आणि इक्बालभाईंदेखत, हे मला म्हणाले, "तुझं वजन सांग."

अहो! जे मी माहेरी सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही, डॉक्टरांच्या काट्यावर चढताना ज्यांना खोलीबाहेर उभं केलं, त्यांना सांगू? "मी बसणारच नाही, तर वजन कशाला?" कप उचलून मी आत गेले.

मग बाहेरून यांचा आवाज आला, "ती बसणार नसती, तर मी एकसीटचंच घेतलं असतं ना हो."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

* * *

विमान सुटं करून घाटावरच्या एका धावपट्टीवर नेलं. सगळ्या परवानग्या घेऊन हे आधी एकटे उडाले. मग शेवटची चाचणी, शेजारच्या सीटवर माणसाइतकं वजन ठेवून. आणलेली वाळूची पोती ओली निघाली, वजनाचा भरवसा नाही. मी तुलेचा गूळ यांच्या वजनाने आधीच घेऊन ठेवला होता, गाडीतच होता. इक्बालभाईंनी गुळाचं पोतं दाबून पाहिलं. "भाभी, हा चालेल. सांडणार नाही."

देवीचा गूळ बेल्ट लावून सीटवर बसला! मी त्यावर कुंकू लावलं.

विमान डोंगराआड गेलं. आवाजही गेला. मी जपमाळ धरून उभी, आणि बोटं पुढे सरकेनात. जनुदादांनी टोपी काढून हातात घेतली. इक्बालभाईंचे ओठ हलत होते. मग ढगाखालून एक ठिपका आला, मोठा झाला, आणि चाकं टेकली. माझे डोळे मिटलेलेच. जनुदादा ओरडले, "वयनी, उघडा! आलं!"

तेव्हा दिसलं, गुळाचं एक पोतं गाडीजवळच राहिलेलं. "अहो, हे न्यायचं विसरलात!"

"विसरलो नाही," हे म्हणाले. "सीटवर जेवढा हवा होता, तेवढाच घेतला."

दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या मंडपात तुला झाली. एका पारड्यात हे, दुसऱ्यात सगळा गूळ. नवस फिटला, मी गुळाचा खडा तोंडात टाकला. एवढ्यात हे पारड्यातून उतरले आणि ते राहिलेलं पोतं उचलून बाजूला ठेवलं. पारड्यात उरला फक्त उडून आलेला गूळ. मग रिकाम्या पारड्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बस."

"मी?"

"बसा वयनी, देवीसमोर कसली लाज!" जनुदादा म्हणाले.

मी बसले. माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. पारडी डुलली, हेलकावली आणि थांबली. काटा अगदी मधोमध!

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी ओरडलेच.

आयुष्यात कधी देवळात हात न जोडलेला माझा नवरा, हात जोडून देवीकडे बघत होता.