हिराआत्याचा सोळाशेचा रोल

थर्मामीटर पंधरा अंशांवर होता. मला वीस हवे होते, आणि फिल्म धुवायच्या टाकीत हिराआत्याचा एकुलता एक रोल होता.

"काकू, चेहरा असा का केलात?" सायलीने विचारलं.

"तू आधी सांग, हा बर्फ कुठला?"

सायली ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. नोकरी बँकेत, वेड फिल्म कॅमेऱ्याचं. हिराआत्या तिची सख्खी आत्या, आणि धवलारीण. म्हणजे लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. आयुष्यभर तिने लग्नं लावली, पण एकाही अल्बममध्ये ती धड नाही. फ्लॅश उडाला की तिचे डोळे मिटतात, ओळ चुकते, आणि ती फोटोग्राफरलाच बाहेर काढते. आता दम पुरत नाही, हे शेवटचं लग्न, असं तिने जाहीर केलं होतं. सायलीने तिला शब्द दिला होता: फ्लॅशशिवाय, डोळे उघडे असलेला एक तरी फोटो.

हळदीची खोली आतली, उजेड एका पिवळ्या बल्बचा. फिल्मवरचा आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड तिला पुरतो; चारशेची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म तिथे आंधळीच. मग कॅमेऱ्याला 'ही सोळाशेची आहे' असं खोटं सांगायचं. फोटो निघतात, पण फिल्मला उजेड पाव हिस्साच मिळतो. ही उपासमार नंतर भरून काढायची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, डेव्हलपरमध्ये, फिल्म जास्त वेळ ठेवायची. याला पुश करणं म्हणतात. दाणे जाड येतात, काळं-पांढरं कडक होतं, पण चेहरा मिळतो.

वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये मी सव्वीस वर्षं हेच केलं. आता डोंबिवलीत घरच्या बाथरूममध्ये सायलीसारख्यांसाठी करते. केमिकल वीस अंशांवर लागतं, आणि मे महिन्यात आमच्या नळाला येतं ते जवळजवळ चहाचं आधण. त्यात फ्रीज बंद पडलेला. "बर्फ ना? आमच्याकडे बर्फाला काय तोटा!" म्हणत सायलीने थर्माकोलचा डबा भरून आणला. माझ्या बाथरूमचा मासळीबाजार झाला. टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवली, सुरुवातीचे वीस अंश बघितले आणि मी गप्पा मारत बसले. चूक माझीच. सातव्या मिनिटाला टाकीच्या भोकातून थर्मामीटर घातला, तर पंधरा.

"कुठला म्हणजे? आत्यानेच भरून दिला," सायली म्हणाली. "वर मूठभर जाडं मीठ टाकलंय. मावऱ्याला टाकतो ना, तसं. बर्फ टिकावा म्हणून."

मीठ पडलं की बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. कुल्फीवाल्याला हे ठाऊक असतं. गारठलेला डेव्हलपर आळशी होतो, आणि आधीच उपाशी असलेला रोल कोराच निघायचा. किती अंशांना किती मिनिटं हे सांगणारा माझा चार्ट खाली अठरा अंशांवरच संपत होता.

"नळाखाली धरू?"

"अगं, नको! एकदम गरम लागलं तर फिल्मवरचा थर सुरकुततो."

टाकी बाहेर काढली, पुसली आणि तळहातांत धरली. मिनिटभर मी, मिनिटभर ती. उलटी करायची, सुलटी करायची. टेन्शनमध्ये सायली आत्याचा धवला गायला लागली.

"आत्याचा गळा नाही हं तुझा," मी म्हटलं.

"माहितीये! म्हणून तर फोटो काढते."

हसता हसता पारा अठरावर आला. ठरलेली पंधरा मिनिटं झाल्यावर अजून सहा दिली, निव्वळ अंदाजाने. मग फिल्म पक्की करणारा फिक्सर घातला, टाकी उघडली आणि रोल दिव्यासमोर धरला. आत्या उमटली होती! सायली किंचाळली. मला इतका आनंद झाला की मी ओल्या हातांनीच तिला मिठी मारली.

रविवारी हिराआत्या स्वतः प्रिंट बघायला आली. कोपरे काळेकुट्ट होते. जिथे उजेडच पोचला नाही तिथे पुश तरी काय करणार? पण मधोमध ती होती, गालाला हळद, डोळे टक्क उघडे. तिने फोटो हातभर लांब धरला.

"अगो बाय, माजा तोंड कवरा उघरा हाय!" मग तिने फोटो जवळ घेऊन कोपरे निरखले. शेवटी म्हणाली, "मांडवातला नाय काढलास?"

"मांडवात तू मला कॅमेरा बाजूला ठेवून बसायला लावलेलंस," सायली म्हणाली. "आणि आता कुठून काढू? शेवटचं लग्न म्हणालेलीस ना?"

"म्हनलं व्हतं. आता नाय म्हनत."

पुढच्या महिन्यातलं एक लग्न तिने तिथूनच फोनवर घेतलं.

मी शिकले ते एवढंच. थर्मामीटर एकदा बघून भागत नाही, शेवटपर्यंत बघावा लागतो. आणि गाणारी बाई 'हे शेवटचं' म्हणाली, तर आधी तिचा एक चांगला फोटो काढून पाहावा.