सोड्यात उकळलेले घोंगडे

लग्नानंतर आम्ही सोलापुरात जी खोली घेतली तिच्यात पहिले वर्षभर एक स्टोव्ह, दोन ट्रंका आणि अंथरुणाची वळकटी एवढेच सामान होते. मी हायस्कुलात मास्तर होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. माझ्या आधीची माणसे सांगोल्याच्या बाजूला मेंढरे राखत आणि थोडी जिराईत करत आली. खुर्ची मी पहिल्यांदा पाहिली ती शाळेत, त्यामुळे घरात खुर्ची नाही याचे मला कधी काही वाटले नाही. ती लागली आबांच्या डोळ्यांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळानंतर कळप निम्म्यावर आला, आणि त्याच सुमारास त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी लांबची मेंढरे दिसेनात, मग जवळची. आदल्या वर्षी मी त्यांना सोलापूरला आणून ऑपरेशनची तारीख घेतली होती. दोन दिवस ते खोलीत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो असताना शेजाऱ्याचा हात धरून स्टँडवर गेले आणि एस्टीने गावी परतले. मागाहून निरोप आला, ‘तिथं मला काय काम न्हाय. बसून बसून माणूस कुजतं.’

या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. उजवा डोळा पुरता पिकला आहे, आणखी लांबवले तर पुढे कापूनही उपयोग नाही. आणि ऑपरेशननंतर दीड महिना खाली बसायचे नाही, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. उंच खाट हवी आणि हाताची खुर्ची हवी.

तेव्हा आमच्या घरात कामाला सुरुवात झाली. मंगळवार बाजारात जुन्या लाकडी सामानात मला एक खाट आणि एक खुर्ची मिळाली. खाटेची नवार, म्हणजे विणलेली रुंद सुती पट्टी, तुटली होती. खुर्चीवर हिरव्या तैलरंगाचे थरावर थर होते, बैठकीच्या वेताची जाळी मधोमध फाटून खाली लोंबत होती आणि एक पाय निखळला होता. मी ती हातगाडीवरून उतरवत होतो तेव्हा शेजारच्या अक्का दारात उभ्या होत्या. त्या तेलुगू विणकर घरातल्या. घरी माग होता, बोलणे मात्र सोलापूरचे.

“काय ओ मास्तर, खुर्ची विकत आणली का कुणाशी भांडून हिसकून आणली?”

“विकत आणली, अक्का.”

“मग एक पाय तिकडंच ठेवून आलाव की.”

रंग काढायला फुटलेल्या काचेचे तुकडे वापरतात हे मला एका सुताराने सांगितले. रोज शाळा सुटल्यावर मी गॅलरीत बसून खरवडत असे. हिरव्याखाली करडा निघाला, करड्याखाली पुन्हा हिरवा, आणि त्याच्याही खाली सागवान. पहिल्यांदा लाकडाच्या रेषा दिसल्या तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवले. मग पॉलिश पेपर घासला, पाय सरस लावून बसवला, सुतळीने आवळून दोन दिवस ठेवला, आणि चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात दिले. बोटे महिनाभर पिवळी होती. वर्गातली मुले विचारत, “सर, हळद लागली का?”

कापडाचे सारे काम बायकोचे. तिचे वडील आमच्याच नात्यातले, पण दोन पिढ्यांपासून शहरात आणि गिरणीत. त्यांच्या घरी विणीत दोष राहिलेल्या चादरी येत आणि वर्षानुवर्षे वापरल्या जात. चादर आधी मधे विरते, कडा धड राहतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. ती विरलेली चादर मधोमध उभी फाडायची, दोन्ही धड कडा आत आणून जोडायची आणि विरलेल्या बाजू बाहेर घेऊन दुमडून शिवायची. चादर थोडी अरुंद होई, पण आणखी पाच वर्षे चाले. अशा तीन चादरी तिने केल्या. अक्कांच्या घरातून उरलेला रंग आणून दोन पडदे रंगवले. ते मेंदीच्या रंगाचे व्हायचे होते, झाले विटकरी. ती म्हणाली, “बरं झालं, मळ दिसणार नाही.”

एक नेम मात्र तिचा कडक होता. दुसऱ्याच्या अंगाखाली जाणारे कापड ती आधी सोडा घालून उकळत असे. तिच्या माहेरची ती रीत होती. पाहुणा यायचा असला की मोठ्या भगुल्यात चादरी रटरटायच्या, मग नीळ, मग कडक ऊन. पाहुण्याला उकळलेले अंथरूण देणे म्हणजे त्याचा मान राखणे. सूत विणणाऱ्यांच्या गावात असे मानणे साहजिक आहे.

आबा आले ते ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. हातात काठी, खांद्यावर घोंगडे. ते घोंगडे आमच्याच मेंढरांच्या लोकरीचे. धागा माझ्या आईने कातलेला, विणले गावातल्या सणगराने. आई जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. पाऊस, ऊन, थंडी, बसणे, निजणे, सगळ्याला आबांना ते एकच लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना लघवी आणि रक्तदाब तपासायला दवाखान्यात न्यायचे होते. निघताना मी म्हणालो, “आबा, घोंगडं राहू दे घरी. ऊन आहे.”

“उनाचं काय? घोंगडं उनालाच असतं.”

“तिथे आत नेऊ देत नाहीत,” मी म्हणालो. असे मला कुणी सांगितले नव्हते. घोंगडे काढून त्यांनी घडी घातली आणि हाताने चाचपून खाटेवर ठेवले.

आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा बायको गॅलरीच्या टोकाला उभी होती. तिने मला डोळ्यांनी बोलावले. आबांना अक्कांनी आपल्या दारातल्या बाकावर बसवले आणि चहा दिला. मी आत गेलो. दोरीवर घोंगडे होते, आणि ते घोंगडे नव्हते. लांबीरुंदीला निम्मे झाले होते, बोटाएवढे जाड, वीण कुठे दिसत नव्हती. हातात घेतले तर पाटासारखे ताठ.

“सोमवारी दवाखान्यात न्यायचं म्हणून उकळलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “नेहमीसारखंच केलं. काठीनं हलवलं, पिळलं. चादर कधी अशी होत नाही ओ. वाळल्यावर सुटेल ना?”

लोकर गरम पाण्यात आटते आणि आटली की परत येत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. घोंगडे झटकायचे, उन्हात टाकायचे, फार तर वर्षातून एकदा ओढ्याच्या गार पाण्यातून काढायचे. मी तिला म्हणालो, “नाही सुटणार.” मी तेव्हा शहाण्यासारखा एकच विचार केला, की हे आबांना कळता कामा नये, आणि तिलाही तसेच बजावले. कळले तर उद्याची पहिली एस्टी, आणि मग तो डोळा गेलाच.

दिवेलागणीला त्यांनी विचारले, “माजं घोंगडं कुटं हाय?”

“धुतलंय, आबा. ओलं आहे. आज चादर घ्या.”

“धुतलं? कशाला?” चादर त्यांनी हाताने चाचपली आणि पायाशी सारली.

सकाळी मी तोंड धुऊन येतो तो आबा खाटेवर बसलेले. पटका बांधलेला, पिशवी मांडीवर.

“एस्टी किती वाजता हाय?”

“आबा, सोमवारी ऑपरेशन आहे.”

“असू दे. माजं मन लागत न्हाय. तुजी बायकू चांगली हाय, तुजं घर चांगलं हाय. मला हितं काय करमत न्हाय लेका. एका डोळ्यानं उजेड दिसतो तेवढा बास.”

मी डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा सांगू लागलो. ते ऐकत होते, पण पिशवीची गाठ धरून. तेवढ्यात बायको आतून आली. मी तिला हाताने थांब म्हणालो. ती थांबली नाही. तिने तो जाड तुकडा आबांच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभी राहिली.

“मामा, हे तुमचं घोंगडं. काल मी सोडा घालून उकळलं. मला माहीत नव्हतं. हे म्हणाले सांगू नको, पण न सांगता तुम्ही गेलात तर मला घास जाणार नाही.”

आबांनी पिशवी बाजूला ठेवली. दोन्ही तळहात त्या तुकड्यावरून फिरवले. काठ शोधला, काठावरून बोट नेले, कोपरा चिमटीत धरून दाबला. आईने कातलेला धागा त्यांना सापडत नव्हता.

“बुरणूस केलंस की गं घोंगड्याचं,” ते म्हणाले. “किती येळ उकळलंस?”

“तासभर, मामा.”

“आन् काठीनं हाणलंस?”

“व्हय.”

“मग काय. पिंजारी लोकर भिजवून दोन दिस लाथा घालतो तवा बुरणूस असलं दाबून हुतं. तू तासात केलंस.” ते हसले नाहीत, पण चिडलेही नव्हते. मग तोंड माझ्याकडे वळवले. “ती सुताच्या घरची पोर. तिला लोकर काय ठावं? तुला ठावं हुतं की, मास्तर. दोन वर्सात बायकूला एकदा बी सांगितलं न्हाईस?”

खरे उत्तर असे होते की मी लोकरीचे नावच कधी काढले नव्हते. कॉलेजच्या वसतिगृहात असताना आबांनी दिलेले घोंगडे मी ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. त्याला मेंढरांचा वास येतो असे मुले म्हणत. मी थंडीत पातळ चादर घेऊन निजत होतो. ज्या मेंढरांच्या पाठीवर माझे शिक्षण झाले त्यांचा वास मला नको झाला होता, आणि तीच सवय मी नोकरीत, संसारात घेऊन आलो होतो. काल दवाखान्यात जाताना मी जे खोटे बोललो ते त्यातलेच.

“चुकलं, आबा,” मी म्हणालो. “दवाखान्यात घोंगडं नेऊ देत नाहीत हेही खोटं होतं.”

“त्ये मला तितंच कळलं. माज्या शेजारी बसल्याला गडी घोंगडं पांघरूनच बसला हुता, माज्या कोपराला लागत हुतं.”

आबांनी काठीने पुढचे चाचपले तर ती खुर्चीला लागली. बैठकीच्या चौकटीत त्यांनी हात घातला, तो सरळ खालून बाहेर आला.

“हिचं बूड कुटं हाय?”

“वेत फाटला होता, तो काढला,” बायको म्हणाली. “नवार विणायची राहिलीय. नवार आणलीय, पण आम्हाला ताणायला जमत नाही. ढिली पडते.”

“हिकडं आण. आन् दाभण हाय का घरात? सुतळी?”

दाभण अक्कांकडे मिळाले. त्या ते द्यायला स्वतः आल्या आणि दारातच थांबल्या. आबांनी एक पाय खुर्चीच्या चौकटीला लावला, नवार मनगटाला गुंडाळली आणि मागे रेलून ताणली. बायकोने खिळे ठोकले. आडवी, उभी, एकीखालून एक. बोटांनी चाचपून ते सांगत, “ही ढिली हाय. उपट.” ती उपटून पुन्हा ठोकत असे. त्यावर त्यांनी तो आटलेला तुकडा ठेवला, चौकटीबरहुकूम कात्रीने कापायला लावला आणि कडेने दाभणाने टाके घालायला बसले. दाभण ते लोकरीतून काढत, सुतळी बायको ओवून देई.

“मामा, कापताना वाईट नाही ना वाटलं?” तिने विचारले.

“वाटलं की. पर आता ते कापायच्याच कामाचं. पांघरायला काय पुरतंय?”

अक्का म्हणाल्या, “मास्तर, तुमी शाळेला जावा. हितं कामाची माणसं बसलीत.”

मी शाळेत गेलो. दिवसभर माझे लक्ष घड्याळाकडे होते. दहाची एस्टी गेली, बाराची गेली. पाच वाजता घरी आलो तेव्हा खुर्ची पुरी झाली होती आणि आबा खाटेच्या नवारीला लागले होते. खाटेची नवार मी स्वतः घातली होती. ती सगळी त्यांनी उसवली होती आणि बायकोला सांगत होते, “ह्यो मास्तर पोरांना काय शिकवतो कुणास ठावं.” उरलेल्या लोकरीच्या दोन पट्ट्या काढून त्यांनी तिला त्यांच्या कडा कशा बांधायच्या ते दाखवले. तिने त्या एकावर एक शिवून त्यांच्यासाठी उशी केली. हे काम चार दिवस पुरले. जाण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही आणि मीही विचारले नाही.

सोमवारी टांग्यात बायको त्यांच्याजवळ बसली. मी सायकलवर मागून. ऑपरेशन झाले. डोळ्याला पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, अशा स्थितीत ते आठ दिवस पडून होते. मग घरी दीड महिना. त्या दीड महिन्यात त्यांनी आमच्या खोलीतले एकही कापड किंवा फळी चाचपायची ठेवली नाही. कुठे काही सैल लागले की बायकोला हाक मारायची, आणि मी आलो की मला बोल लावायचे.

मग जाड भिंगाचा चष्मा आला. तो मी दुकानातून आणून त्यांच्या कानांवर बसवला. ते काही वेळ समोर बघत राहिले. बायको पदराला हात पुसत आतून आली आणि दोन पावलांवर उभी राहिली. आमचे लग्न झाले तेव्हाच त्यांना नीट दिसत नव्हते.

“ही व्हय?” आबा मला म्हणाले. “एवढी बारकी हाय? आवाजावरनं मला थोराड वाटली हुती.”

ती लाजून हसली. ते तिच्याकडे बघतच राहिले, अगदी सावकाश, मेंढरू विकत घेताना बघत तसे. मग म्हणाले, “पोरी, जरा उजेडात ये.” ती दाराशी जाऊन उन्हात उभी राहिली.