नंबराखालचा पत्रा

तो दिवस मला आजही बारकाव्यांसह आठवतो. सेवेत असताना मी रोजच्या कामाची टिपणवही ठेवत असे. जुन्या प्रकरणांबद्दल कुणी विचारले की आधी वही काढतो. या प्रकरणासाठी मात्र वही लागत नाही.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. जालना रस्त्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक पांढरी, आठ वर्षे जुनी मोटार फाटकातून आत आली. चालवत होता करमाडकडचा एक तरुण शेतकरी. शेजारी त्याची थोरली बहीण आणि मागच्या सीटवर गाडीचा मालक. हा मालक टूरचा ड्रायव्हर, गाडी विकायला निघालेला. बहीण वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासणीच्या कामावर होती. पहिली पाळी संपवून आलेली, अंगावर कारखान्याचाच गणवेश.

ती एकटी माझ्या खोलीत आली.

"साहेब, ही गाडी माझा भाऊ घेतोय. मला ती बरी वाटंना. मालकाला काय बोलले नाय. चालवून बघतो म्हणलं अन् सरळ हिकडं आणली."

तेवढ्यात मागून भाऊ आला. "साहेब, हिचं मनावर घेऊ नका. तासभर झालं गाडीखाली लोळतीय. गाडी घ्यायची का तिचं पोस्टमॉर्टेम करायचं, तेच कळंना."

"तू गप. फसला असतास तर रडत माझ्याकडंच आला असतास."

मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. नोंदणी पुस्तिका, विमा, मालकाचा परवाना. इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर कागदाशी एकेक आकडा ताडून पाहिला. नियंत्रण कक्षाकडून चोरीच्या गाड्यांच्या यादीत खात्री केली. सगळे जुळले. तसे मी तिला सांगितले आणि खरे तर विषय संपवला होता.

"आकडा खराच हाय, साहेब," ती म्हणाली. "आकड्याखालचा पत्रा ह्या गाडीचा नाय."

तिने पुढच्या सीटखालची चटई उचलली आणि विजेरी धरली. चॅसिस नंबराभोवती सीलंटचा, म्हणजे सांधे बुजवायच्या लेपाचा, थर होता. "कंपनीत हे यंत्र लावतं. एकसारखी रेघ येती. हे बोटानं फासलंय. हे बघा, बोटाचा वळ. अन् कंपनीचा माणूस नंबराच्या चारी बाजूंनी सीलंट कशाला लावंल? तिथं सांधाच नसतो."

मी दोन पंच बोलावले. त्यांच्यासमोर सीलंट खरवडला. खाली तळहाताएवढा चौकोन निघाला, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला.

याचा अर्थ मला लगेच कळला. अपघातात चक्काचूर झालेली गाडी कागदपत्रांसह भंगारात घ्यायची, तिचा नंबराचा पत्रा कापायचा, त्याच मॉडेलची गाडी चोरायची, तो पत्रा तिच्यात बसवायचा आणि तिच्या इंजिनावरचा आकडा घासून कागदावरचा ठोकायचा. मग कागद खरे, आकडा खरा आणि गाडी चोरीची. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवले होते. तरीही इतकी वर्षे मी फक्त आकडे वाचत आलो होतो.

मालकाला आत बोलावले. पंचनामा वाचून दाखवला. "मैं तो कागदां देख के लिया साब. आरटीओ में नाम बी चढ़ा. और क्या देखना था?" दोन वर्षांपूर्वी एका दलालामार्फत त्याने गाडी घेतली होती. दलालाचा फोन बंद, पत्ता खोटा. चावी त्याला याच रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मिळाली होती. पण कोणते, ते सांगता येईना. तिथे गॅरेजची रांगच आहे.

माझ्या हवालदाराचे मत सरळ होते. "साहेब, माल याच्याकडं सापडला. आरोपी हाच."

कायद्याने त्याचे चुकत नव्हते. अटक झाली असती तर त्या माणसाचा ड्रायव्हरकीचा बिल्लाही धोक्यात आला असता. दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

बाई दारातून म्हणाली, "चोर असता तर फाटकाबाहेरच उतरला असता. हा मला इचारतो, दीदी, इथं कुणाला भेटायचंय? अन् वर भावाला म्हणतो, गाडी सावलीत लाव."

"बाई, हा पुरावा होत नाही."

"मग पुरावा बघू," असे म्हणून ती पुन्हा गाडीत वाकली. हातात एक छोटा आरसा. दहा मिनिटांनी बाहेर आली. "वेल्डिंग करणारा डावखुरा हाय. टाक्याच्या लाटा बघा, हात कुठून कुठं गेला ते कळतं. उजव्या हाताच्यानं जागा अडचणीची म्हणून एखादी बाजू उलटी मारली असती. इथं चारी उलट्या हायेत. पर हात लई साफ हाय, साहेब. आमच्याकडं असता तर पास केला असता."

मी मालकाला रात्री घरी जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हजर राहण्याचे लेखी घेतले आणि स्टेशन डायरीत माझ्या नावाने नोंद केली. तो पळाला असता तर मला उत्तर देता आले नसते.

सकाळी तोच हवालदार डावखुरा कारागीर शोधायला साध्या कपड्यांत निघाला. ठाण्यातली मोडक्या पायाची लोखंडी खुर्ची त्याने सोबत घेतली होती. पहिल्या तीन गॅरेजमध्ये उजव्या हाताने काम झाले. तिथे पाय जोडून घेतला, बाहेर येऊन पुन्हा मोडला. चौथ्या ठिकाणी कारागिराने डाव्या हातात वेल्डिंगची गन घेतली. हवालदाराने टाके पाहिले आणि खुर्चीसह त्याला घेऊन आला.

चौकशीत मी चोरीचा शब्दही काढला नाही. चौकोनाचे छायाचित्र पुढे ठेवले आणि म्हणालो, "कंपनीतल्या एका तपासणीवाल्या बाईंनी हे काम पाहिलं. म्हणाल्या, माणूस गबाळा आहे. सीलंट बोटाने फासलाय."

तो पटकन म्हणाला, "सीलंट माझा नाय साहेब. मी निस्ते टाके मारले. सीलंट शेठनं फासला, घाई करत व्हता."

मी चहा मागवला. मग त्याने सगळे सांगितले. शेठ म्हणजे तो दलालच होता. अशा आणखी तीन गाड्या त्याने याच्याकडून करून घेतल्या होत्या. चार दिवसांत दलाल शेजारच्या जिल्ह्यात सापडला. प्रयोगशाळेने इंजिनावर रसायन लावून घासलेला मूळ आकडा वर आणला. तो एका जुन्या चोरीच्या तक्रारीशी जुळला.

लिहून दिल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी बाराला पाच मिनिटे कमी असताना गाडीमालक ठाण्यात हजर झाला होता. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत काय आहे विचारले तर म्हणाला, "टॉवेल, साबण. कपडे का जोड़ा. अंदर लगेगा ना साब."

गाडी कोर्टाच्या आदेशाने मूळ मालकाकडे गेली. या ड्रायव्हरचे नुकसान झाले, ते कुणी भरून दिले नाही. वर्षभर त्याने दुसऱ्याची गाडी चालवली. मग स्वतःसाठी जुनी गाडी बघायला निघाला, तेव्हा त्या बाईला सोबत घेऊन गेला. तिने दोन गाड्या नापास केल्या, तिसरी पास केली. हे मला तिच्या भावाने सांगितले. त्याची स्वतःची खरेदी तेव्हाही अडूनच होती. "माझ्यासाठी एकबी पास होईना," तो म्हणाला.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी जप्त गाडीची चटई उचलायला लावली. ते सहज शिकवता येते. त्या बाईने चुकीचे काम आणि चुकीचा माणूस या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. ते मी तिच्याकडून फार उशिरा शिकलो.

दोषारोपपत्राला दोन याद्या जोडतात, एक आरोपींची आणि एक साक्षीदारांची. त्या याद्या मी स्वतः लिहून काढल्या. टूरच्या ड्रायव्हरचे नाव साक्षीदारांत आहे, तिच्या नावाच्या लगेच खाली. ते आरोपींच्या यादीत घालायला मला त्या पहिल्या संध्याकाळी अर्धा तासही लागला नसता.